तळ्यातलं अर्थिंग

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आमच्या ह्यांनी माझ्यासाठी कधी गजरा आणल्याचं मला आठवत नाही. अर्थिंगची हिरवी वायर मात्र भेंडोळीच्या भेंडोळी आणली. बडोद्याजवळ नंदेसरीच्या एका केमिकल कारखान्यात हे इलेक्ट्रिकलचे मोठे साहेब होते. आमच्या घरामागे तुळस आहे आणि तिच्या शेजारी अर्थिंगचा खड्डा आहे. तुळशीला पाणी मी घालते, खड्ड्याला हे घालतात, वर मीठ-कोळशाचा नैवेद्य वेगळा. तुळस दोनदा वाळली. खड्ड्याची कधी आबाळ झाली नाही.

निवृत्त झाल्यावर लोक चारधामला जातात. ह्यांनी होडी घेतली. बडोद्यात समुद्र कुठाय, असं मी विचारलं आणि अडाणी ठरले. कारखान्यातल्या ह्यांच्या एका गुजराती मित्राची सावली गावाकडे शेती आहे, शेतात मोठं तळं आहे आणि तळ्याला लाकडी धक्काही आहे. तिथे ही फायबरची सेकंडहँड होडी बांधली. आत इवलीशी केबिन, मागे इंजिन. इंजिन असं दणकट, की चालू केलं न केलं तोच तळं संपायचं.

पण खोटं कशाला बोलू, मी मनातून खूष झाले होते. माझे गुडघे कामातून गेलेत. डॉक्टर म्हणाले, चालणं कमी करा, पोहा. पोहायला मला शाळेपासून येतं. पण तरणतलावावर बायकांची बॅच नेमकी स्वयंपाकाच्या वेळेला, आणि तिथे पाणी कमी, बायकाच जास्त. तळं कसं मोकळं, स्वच्छ. होडीच्या मागे स्टीलची शिडी होती, माझ्या गुडघ्यांना झेपेल अशी. मला त्या पाण्यात उतरायचं होतं, बाकी होडीशी मला काही देणंघेणं नव्हतं.

"बाँडिंग झाल्याशिवाय कोणी पाण्यात पाय घालायचा नाही," ह्यांनी फर्मान काढलं.

मग रोज जेवताना बाँडिंगचं कीर्तन. धक्क्यावर पंपाच्या खोलीतून लाइट आणली होती. तिचा प्लग होडीला जोडला की बॅटरी चार्ज व्हायची, पंखा फिरायचा, चहाची इलेक्ट्रिक किटली चालायची. आता वीज आली म्हणजे गळतीही आली. म्हणून इंजिन, डिझेलची टाकी, रेलिंग, शिडी, जे जे धातूचं ते ते हिरव्या वायरीनं एकमेकांना जोडायचं. आणि होडीला जमीन नाही, तेव्हा बुडाखाली तांब्याची प्लेट ठोकून ती वायर थेट पाण्याला भिडवायची.

"मग तळ्यात मीठ-कोळसा टाकायचा का हो?" मी विचारलं.

हे घास हातात धरून खरंच विचार करत बसले. कपाळ माझं!

दर रविवारी मी टॉवेल घेऊन जायची आणि कोरडी परत यायची. मित्र हाका मारायचा, "भाभी, आज तो उतरो पाणीमां!" मी म्हणायची, "साहेब अजून लोखंडाचं तांब्याशी लग्न लावतायत, अक्षता पडल्या की उतरते." वेळ जाईना, मग मी नाटकं सुरू केली. रेलिंगला हात लावून किंचाळायचं, "आई गं, करंट!" पहिल्यांदा हे धावत आले. मग नुसते डोळे वटारायचे. शेवटी शेवटी मान वर करायचे कष्टही घेईनात.

अखेर एकदाचं काम झालं. ह्यांनी होडीतलं स्विचचं पॅनल उघडून मला शेवटचा जोड दाखवला. न्यूट्रल, म्हणजे विजेची परतीची तार, आणि अर्थ तांब्याच्या जाड पट्टीनं एकत्र बांधले होते. "जन्मभर ट्रान्सफॉर्मरपाशी हेच केलं. हे बांधलं की काम पक्कं." नारळ फोडू का, असं मी टोमण्यानं विचारलं, तर ह्यांनी पिशवीतून नारळच काढला.

मी उतरले. काय सांगू! गुडघे आहेत की नाहीत, तेसुद्धा कळेना. एक लांब फेरी मारून आले आणि शिडी धरून तरंगत राहिले.

"चहा टाकतो गं," म्हणत ह्यांनी किटलीचं बटण दाबलं.

हाताला मुंग्या आल्या. बघता बघता कोपरापर्यंत, खांद्यापर्यंत चढल्या. "अहो, पाण्यात करंट आहे!" मी ओरडले. धक्क्यावरचा मित्र खो-खो हसला. "झालं हिचं सुरू," आतून हे म्हणाले. "अहो, खरंच..." पुढचा शब्द फुटेना. हात शिडीवरून सुटेना, पाय हलेनात, हनुवटी पाण्याखाली गेली. मेले मी, एवढंच मनात आलं.

मी गप्प झाले, आणि तेव्हा ह्यांनी वळून पाहिलं. उभ्या संसारात मी वाक्य अर्धं सोडलेलं ह्या माणसानं ऐकलं नव्हतं. धक्क्यावर उडी घेऊन ह्यांनी प्लग असा उपटला की सॉकेटही हातात आला. माझा हात सुटला. दोघांनी मला ओढून वर घेतलं.

मग समजलं ते असं. ती पट्टी जिथून वीज निघते तिथेच हवी, कारखान्यात तिचं स्थान ट्रान्सफॉर्मरपाशी. होडीत तिला जागाच नाही. तिच्यामुळे किटलीचा परतीचा करंट आपली तार सोडून तांब्याच्या प्लेटवाटे पाण्यात उतरला, आणि पाण्यात मी होते.

"म्हणजे तुम्ही खास वायर टाकून करंट माझ्यापर्यंत पोचवलात," मी म्हटलं. चारचौघांत कधी माझा हात न धरलेला माणूस माझा हात घट्ट धरून बसला होता. मग मात्र मला रडू फुटलं.

पट्टी निघाली. आता मी दर रविवारी पोहते. आधी प्लग काढून धक्क्यावर ठेवायचा, हा नियम. तरीही, वायरमनना जन्मभर "हातानं टेस्ट करू नका रे" म्हणून झापणारे हे, पोहता येत नसताना, पँट दुमडून शिडीवरून माझ्याआधी पाण्यात उतरतात. थोडा वेळ उभे राहतात. मग म्हणतात, "ये. पण बोलत राहा."

जन्मभर "जरा गप्प बसशील का?" म्हणणारा हाच माणूस. पोहताना बोलायचं म्हणजे नाकातोंडात पाणी जातं. तरी मी बोलते. भाजीचे भाव, शेजारणीची सून, काय सुचेल ते. हे धक्क्यावर बसून ऐकतात. मी दम घ्यायला जरा थांबले, की उठून उभे राहतात.