मामांचं पाणी आणि मामांचं डोकं

माझ्या आत्याच्या यजमानांइतकं कमी पाणी पिऊन इतकं जास्त बोललेला माणूस सातारा-सांगलीच्या मुलखात दुसरा झाला नसावा. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. जन्म माणमधल्या कोरड्या गावातला, त्यात ऐन उमेदीत पलटणीबरोबर इराकच्या वाळूत काढलेली दोन वर्षं. त्यामुळे पाणी ही निव्वळ चैन आहे असं त्यांचं ठाम मत झालं होतं. सकाळी एक तांब्या आणि जेवताना दोन घोट, एवढ्यावर त्यांचा दिवस निघे. पंगतीत कुणी दुसऱ्यांदा पाणी मागितलं की ते त्याच्याकडे असे बघत, की त्या बिचाऱ्याला ठसका लागून तिसऱ्यांदा मागावं लागे. उन्हाळ्यात आत्या तांब्या घेऊन त्यांच्या मागं मागं फिरायची. "आवं, दोन घोट तरी घ्या," म्हणायची. "मी काय म्हस हाय व्हय?" हे उत्तर ठरलेलं. मग ती तांब्या तुळशीला ओतून आत जायची.

पण मुलखात त्यांचं नाव होतं ते डोक्यासाठी. कुठलं घराणं मूळचं कुठलं, कुणाचा पणजा कुठल्या दुष्काळात उठून कुठं गेला, कुणी आडनाव बदललं, सगळं त्यांना तोंडपाठ. सोयरीक जुळत आली की दोन्हीकडची माणसं त्यांना बोलावणं धाडत, कारण मुलगा-मुलगी एकाच भावकीतली निघाली तर ती बहीणभावंडं ठरणार. मामा मांडी घालून बसत, डोळे मिटत आणि चार-चार पिढ्या म्हणून दाखवत. मी सांगलीला मास्तर. सुट्टीत गावी आलो की शिकलेला भाचा म्हणून मला मिरवायला बरोबर नेत. आमच्या भावकीची कथा तर मी निदान चाळीस वेळा ऐकली असेल. अक्षरशः कंटाळलो होतो. ते तिसऱ्या पिढीवर आले की मी चहा कधी येतोय याकडे लक्ष लावायचो.

साठी उलटल्यावर मामांचं थोडं थोडं बिनसायला लागलं. सकाळी पापण्या सुजलेल्या असत, तोंडाची चव गेली होती, वहाणा पायांत जाईनात. जेवून हात धुतल्यावर ते आत्याला विचारत, "आज सैपाक न्हाई का केला?" आम्ही हसायचो. जन्मभर त्यांनी इतकी थट्टा केली होती, की हीही त्यातलीच वाटली. याची मला अजून लाज वाटते.

त्याच सुमारास माझ्या बहिणीची, चंपाची, सोयरीक जावळीतल्या मेढ्याला जुळत आली. आमचे वडील नव्हते, सगळं माझ्याच अंगावर. मुलगा फौजेत, लढाई चालू, महिनाभराची रजा. चंपाच्या मनात तो भरला होता. ती तसं बोलली नाही, पण पाहुणे यायच्या दिवशी तिनं अंगण दोनदा सारवलं. मुलाचे वडील शालीन गृहस्थ, सुपारी घेऊनच आलेले. रीतीप्रमाणे मामांना विचारलं. मामांनी डोळे मिटले, बराच वेळ मिटले, आणि म्हणाले, "जमत न्हाई. ह्यांचा पणजा तुमच्याच भावकीतनं उठून जावळीत गेला. भाऊभैन हायती दोगं."

मी दचकलो. "आवं मामा, आमचा माणूस गेला तो कवठेमहांकाळला. हे तर मूळचेच जावळीतले."

"तू गप. चार बुकं शिकलास म्हून मला शिकवतोस?"

चाळीस वेळा ऐकलेली कथा, पण सांगणारे तेच. मग खोटा मीच असणार. पाहुणे हात जोडून उठले. चंपा आत चुलीपुढं बसून राहिली, जेवली नाही.

आठवड्यानं मामांची सूज इतकी वाढली, की मी त्यांना मिरजेला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी काचेच्या नळीत लघवी घेऊन दिव्यावर तापवली आणि ती नासल्या दुधासारखी झाली. मग त्यांनी मला विचारलं, "हे अलीकडे विसरतात का? एकाचं दुसऱ्याला लावतात का?" मला मेढ्याचे पाहुणे आठवले, आणि मी हो म्हणालो. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडं थकली आहेत, रक्तातली घाण पुरती बाहेर पडत नाही, त्यानं डोकंही गढूळ होतं. म्हातारपणाचं सगळंच विसरणं यामुळं असतं असं नाही, पण यांच्या बाबतीत याचा हात नक्की आहे. पाणी कमी पिण्यानंच हे झालं का, ते त्यांना सांगता येईना. मीठ बंद, डाळ-मटण बेतानं, आणि आता सूज असल्यामुळं पाणीही मोजून.

मामांनी हे ऐकून घेतलं. "मुतायचा आन् डोस्क्याचा काय संबंध वो?" असं विचारलं, आणि स्वतःच म्हणाले, "हाय, हाय. पाट तुंबला की वरचा वाफा सडतोयच." टांग्यात बसल्यावर त्यांना तहान लागली. जन्मात पहिल्यांदा ते पाणी मागत होते आणि मला नाही म्हणावं लागलं.

अळणी जेवणानं आणि औषधानं चार दिवसांत सूज थोडी उतरली. एका सकाळी ते चांगले शुद्धीवर दिसले, तेव्हा मी भीत भीत मेढ्याचा विषय काढला. ते बोटांवर पिढ्या मोजू लागले.

"कवठ्याला गेला त्यो," शेवटी म्हणाले. "व्हय रं गड्या. कवठ्यालाच. म्या पोरीचं वाटोळं केलं."

"मी जाऊन सांगतो त्यांना, मामा."

"तुजं कोन ऐकतंय? मोडलं म्या, सांगनार बी मीच."

मुलाच्या रजेचे पाच दिवस उरले होते. लढाईमुळं पेट्रोल नव्हतं, म्हणून कोळशावर चालणाऱ्या मोटारीत धापा टाकत आम्ही मेढ्याला पोचलो. तिथं चार माणसं जमल्यावर मामा बसले नाहीत, उभे राहिले. "चूक माजी हाय. पोरगी घ्या. आन् हितनं फुडं सोयरीक इचाराया कुनी माज्याकडं येऊ नगा. माजं डोस्कं आता भरवशाचं न्हाई." जन्मभर ज्या एका गोष्टीसाठी लोक त्यांना पाट मांडायचे, ती त्यांनी उभ्या उभ्या सोडून दिली. मुलाच्या वडिलांनी त्यांना धरून बसवलं.

लग्न तिसऱ्या दिवशी लागलं. पण तोवर मामा पुन्हा धूसर झाले होते. चंपा पाया पडायला वाकली, तेव्हा तिचा अंगठा त्यांच्या सुजलेल्या पावलात रुतला आणि तिथं खळगी पडली. ती लवकर भरून येईना. चंपा त्या खळगीकडे बघतच राहिली.

"कुनाची गं तू?" मामांनी विचारलं.

"तुमचीच, मामा."

"मग चांगल्या घरातली हायेस," ते म्हणाले, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.