मंगळवार-शुक्रवारचे गिअर

भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता, आजही नाही. बायको देवळात गेली तरी मी बाहेर गाडीतच बसणारा. तरी लिहितोय, कारण घरात हे ऐकून घेणारं कुणी नाही...

आम्ही मुलुंडला राहतो. सासूबाई भांडुपला, टेकडीवरच्या चाळीत राहायच्या. दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी त्यांचं मुलुंडला डायलिसिस असायचं. माझी बायको सुनीता त्यांना आमच्या ऑटोमॅटिक गाडीतून न्यायची-आणायची. मला एवढंच दिसायचं, की गाडी मठ्ठ झालीय. पाय दाबला तरी उचलतच नाही.

गॅरेजवाला संतोष म्हणाला, "साहेब, हा गिअरबॉक्स चालवणाऱ्याचा पाय ओळखतो. वहिनी हळू चालवतात, म्हणून तो गिअर लवकर आणि अलगद बदलायला शिकलाय."

"मग विसरायला लाव त्याला."

त्याने कॉम्प्युटर जोडून शिकलेलं सगळं पुसलं. घरी येऊन मी सुनीताला सुनावलं, "बैलगाडी केलीस गाडीची! आता हात लावायचा नाही."

"अहो, धक्के बसले की आईची हाडं दुखतात..."

"रिक्षा मिळत नाहीत का भांडुपला?"

मी गाडी रोज ऑफिसला नेऊ लागलो. एल.बी.एस. रोडचे खड्डे, त्यात रिक्षा... सासूबाई दोनदा म्हणाल्या, "आज नको गं, अंग मोडून येतं. पुढच्या खेपेला जाऊ." दुसऱ्यांदा म्हणाल्या, त्यानंतरची खेप आलीच नाही.

दिवसकार्य झालं. मंगळवारी दुपारी मी एकटाच अंधेरीला निघालो. पाय नेहमीसारखा दणकून दाबला. गाडीने गिअर बदलला तो अलगद — झोपलेल्या माणसाला उचलावं तसा. बुधवारी परत माझ्यासारखी, आधी इंजिन ओरडणार, मग गिअर. शुक्रवारी दुपारी पुन्हा तेच. असं महिनाभर. संतोषने आणखी दोनदा मेमरी पुसली, ऑइल बदललं, शेवटी हात टेकले.

"साहेब, ह्याला पाय कळतो. वार कसा कळेल?"

गेल्या मंगळवारी सुनीताला बळेच गाडीत घेतलं. ती मागे बसली, उजवीकडे. डावी जागा आईची. मी मुद्दाम जोरात पाय दाबला. गाडी अलगदच निघाली. प्रत्येक खड्ड्याला सुनीताचा हात त्या रिकाम्या जागेवर आडवा जात होता, रिक्षात आईला धरत असेल तसा.

डायलिसिस सेंटरशी मी थांबलो.

"अजून पुढे घ्या," ती म्हणाली. "पायरीला लावून. मी आईला इथे उतरवायचे. रिक्षावाले रस्त्यापलीकडे सोडायचे."

मी गाडी पायरीला लावली. ती उतरली, दार हळूच लावलं आणि रिक्षा पकडून घरी गेली.

संतोषला विचारून झालं. सुनीताला विचारायची माझी छाती होत नाही.