चालकाच्या डोक्यावरची नळी

रिसोडजवळच्या मालेगावात माझं ग्रील आणि गेट बनवायचं दुकान आहे, आणि माझा पोरगा फौजेत रणगाडा चालवतो. यंदा रजेवर आला तेव्हा जेवताना सांगत होता की त्यांच्या रणगाड्यांवर आता लोखंडी जाळीचं छत बसतंय. मोकळ्या मैदानात गोळा समोरून येतो, म्हणून जाड पोलाद समोर. पण गल्लीत लढायचं तर मारा होतो गच्चीवरून, खिडकीतून, नाहीतर ड्रोनमधून थेट डोक्यावर. म्हणून वर जाळी, बाजूंना जास्तीच्या प्लेटा, चारीकडं पाहायला कॅमेरे. पोरगा खूश होता. त्याची आईही बरं झालं म्हणत त्याला वाढत होती.

मी मात्र हातातला घास ताटात ठेवला. मी विचारलं, "जाळीले दार कुठी ठेवलं?"

"कायचं दार?"

"आग लागली तं निंघशील कुठून?"

तो हसला. "बाबा, तुमी रणगाड्याले काय खिडकी समजून राह्यले का?"

हो, खिडकीच समजत होतो. मला दुसरं समजतं काय? रिसोडला एका घराच्या सगळ्या खिडक्या मीच जाम बंद करून दिल्या होत्या. चोरांच्या भीतीनं मालकानं तसंच मागितलं होतं. पुढं त्या घरात सिलिंडर पेटला आणि म्हातारबा आतून माझ्याच सळ्या हलवत राहिले. शेजाऱ्यांनी पहारीनं चौकट उखडून त्यांना काढलं. हात भाजले, जीव वाचला. तेव्हापासून एक पल्ला उघडता ठेवल्याशिवाय मी कोणाला ग्रील देत नाही. गिऱ्हाईक रुसलं तर रुसो.

सकाळी पोराला दुकानात ओढून नेलं आणि रणगाड्यातून बाहेर निघायच्या झाकणाचं माप विचारलं.

"फौजेतलं माप सांगता येत नाई, बाबा."

"नको सांगू. खांदे तं माह्यापासूनच आले ना तुले? थेच मोजतो."

अंगावर जाड जाकीट, डोक्यावर माझं हेल्मेट चढवून त्याला दोन उभ्या गेटांमध्ये खाली बसवलं. वर अँगलची चौकट ठेवली, तिच्यावर हातभर उंचीला जाळी टाकली. म्हटलं, निघ. पहिल्यांदा त्याचा कोपर अडकला, खरचटला. पुन्हा बसवलं. गेट न्यायला आलेल्या माणसावर मी उगाच खेकसलो. तिसऱ्या खेपेला पोरगा सटकन बाहेर आला, पण माझं मन काही भरेना. म्हटलं, पुन्हा.

तो बसला नाही. तिथंच उभा राहून हळूच म्हणाला, "बाबा, जाळी माह्यावर नाईच. थे मागं, तोफेच्या बुरुजावर हाय. मी पुढं, खाली, एकटा बसतो."

"मंग चांगलंच हाय ना!"

"बुरूज फिरते. तोफेची नळी माह्या झाकणावर येऊन अटकली तं झाकण उघडत नाई. खालून एक दार हाय, पण गल्लीत खाली मलबा असते."

"मंग नळी हटवते कोण?"

"वरचे दोघं, बुरुजातले. आमचं ठरलेलं हाय. पयले नळी हटवतात, मंग उतरतात."

"आन् हटवाले थे राह्यलेच नाई तं?"

त्यानं जाकीट काढलं, घडी घालून माझ्या हातात दिलं. "गिऱ्हाईक थांबून राह्यलं," म्हणाला.

उरलेली रजा मी धड बसलो नाही. काहीबाही कापत होतो, जोडत होतो, पुन्हा कापत होतो. भीती वाटत होती, दुसरं काही नाही. ज्या जाळीला रात्रभर मनात शिव्या घातल्या, ती त्या दोघांच्या डोक्यावर होती, आणि ते दोघं राहिले तरच माझा पोरगा बाहेर येणार होता.

त्याच्या जायच्या दिवशी बसस्टँडवर मी म्हटलं, त्या दोघांपैकी एकाला फोन लाव. त्यानं लावून दिला. पलीकडून कोवळा आवाज आला. माझ्याच पोराच्या वयाचा असेल. मी मोडक्यातोडक्या हिंदीत त्याची तब्येत विचारली, घरी कोण कोण असतं ते विचारलं. मग विचारलं, "बेटा, तुझ्या डोक्यावरची जाळी पक्की आहे ना?"

तो म्हणाला, एकदम पक्की.

"वेल्डिंग कोणी केलं?"

ते त्याला माहीत नव्हतं.