वृंदाने खरा आजार लिहिला

फोन मुग्धाचा होता. मी शाळेत जायला निघाले होते, चपला पायात होत्या. "मावशी, आई उठत नाहीये..." एवढं ती मराठीत म्हणाली आणि मग तिचा आवाज फुटला. "मैं कब से जगा रही हूँ, उठ ही नहीं रही." मी पोहोचले तेव्हा अविनाशराव जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे होते. त्यांचा चेहरा पाहिला आणि माझी पावलं मंदावली. घाई करण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. आत वृंदा कुशीवर निजली होती, एक हात उशीखाली, थकून झोपलेल्या माणसासारखी.

त्याला आता महिना होऊन गेला. वृंदाबद्दल लिहायचं तर तिच्या आजाराबद्दल लिहावं लागणार, म्हणून मी आधी तिच्या नवऱ्याला आणि मुलीला विचारलं. मुग्धा लगेच हो म्हणाली. अविनाशरावांनी दोन दिवस घेतले आणि मग तेही हो म्हणाले.

आमच्या शहराच्या लश्कर भागातल्या एका मुलींच्या शाळेत आम्ही दोघी शिकवत होतो, ती गणित आणि मी संस्कृत. तिचे पूर्वज दक्षिणेतून या हिंदी मुलखातल्या मराठी दरबारात पौरोहित्य करायला आलेले. घरात तीन पिढ्या मास्तरकी. गणित शिकवताना वृंदा कठोर असायची. एखादीचं उत्तर बरोबर आणि रीत चुकलेली असली, तर ती गुण द्यायची नाही. "उत्तर कुठून तरी उचलून आणलंस. पहिले रस्ता दाखव," म्हणायची. मुली तिला घाबरायच्या, आणि शाळा सुटल्यावर तिच्याच भोवती घोळका करायच्या.

इंदरगंजच्या चौकात एका ई-रिक्षाने तिच्या स्कूटरला धक्का दिला आणि ती रस्त्यावर कंबरेवर आपटली. मणक्याचं ऑपरेशन झालं. अविनाशरावांच्या ऑफिसमार्फत घरच्या सगळ्यांचा आरोग्य विमा होता, त्यातून खर्च विनासायास निघाला. घरी येताना वेदनेवरच्या गोळ्या दिल्या होत्या. डॉक्टरांनी त्या पुढे कमी करायला सांगितल्या, मग बंद करायला. वृंदाच्या बंद झाल्या नाहीत. नंतर एकदा तिनेच मला सांगितलं, "पहिले दुखायचं म्हणून घ्यायची. मग दुखेल म्हणून. मग काहीच कारण नाही गं, फक्त गोळी." नई सडकेपासून टोपी बाजारापर्यंतची औषधाची दुकानं तिने वाटून घेतली होती. आज हे, उद्या ते. म्हणजे कोणी विचारायला नको.

हे आम्हाला कळलं ते वर्गात. फळ्यावर अर्धं समीकरण लिहून ती थांबली. पुढचं तिला सुचेचना. खडू हातात धरून ती तशीच उभी राहिली. एक मुलगी धावत येऊन मला घेऊन गेली. मी तिला ऑटोत घेऊन तिच्या घरी निघाले. वाटेत, बाहेर बघतच ती म्हणाली, "मी गोळ्या खाते. पुष्कळ. आता माझ्याकडून नाही सुटत."

अविनाशराव भले गृहस्थ. रागावले नाहीत, पण पार हबकले. व्यसन म्हटलं की दारू, गांजा, नाक्यावरची पोरं... आपली बायको त्यात कुठे बसते, हेच त्यांना उमगेना. व्यसनमुक्तीच्या डॉक्टरांनी तपासून भरती व्हायला सांगितलं. खरा पेच आला तो इस्पितळातल्या विम्याच्या काउंटरवर. तिथला माणूस कागद चाळून हळूच म्हणाला, "सर, ये नशे का लिखा तो क्लेम नहीं होगा. कमर का दर्द लिखवा लीजिए डॉक्टर से. सब यही करते हैं."

अविनाशरावांचा चेहरा केवढा तरी उजळला. खर्च निघणार होता, आणि त्यांच्या ऑफिसात कोणाला कळणारही नव्हतं. "वृंदा, लिहू दे ना," ते म्हणाले. "कंबर तर दुखतेच ना तुझी?"

"कंबर बरी आहे माझी," ती म्हणाली. तिला घाम सुटला होता. "कंबर लिहिली तर कंबरेवरच उपचार होतील. वर्षभर मी हेच तर करतेय, कंबरेचं नाव पुढे करून. नका लिहू. जे झालंय ते लिहा."

क्लेम नामंजूर झाला. व्यसनावरचा उपचार पॉलिसीत बसत नाही, असं उत्तर आलं. मुग्धाच्या पुढच्या शिक्षणासाठी ठेवलेली ठेव मोडावी लागली. त्या काळात अविनाशराव रोज डबा घेऊन वॉर्डात यायचे, स्टुलावर ठेवायचे आणि न बोलता निघून जायचे. बाहेर उन्हाळ्याची गरम लू वाहत होती, आणि आत वृंदा दोन पांघरुणं घेऊन दात वाजवत होती. मला म्हणाली, "बोलत नाहीत ना? बरोबरच आहे त्यांचं. पण डबा चुकवत नाहीत, पाहिलंस?"

ती गोळ्यांतून सुटली. घरी आली, अंगाने निम्मी झालेली, पण डोळे पुन्हा तिचे. मग तिने पॉलिसी वाचायला घेतली, पेपर तपासावा तशी, लाल पेन घेऊन. विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारं कार्यालय भोपाळला आहे, तिथे तिने अर्ज केला. सुनावणीला मी तिच्या सोबत होते. कंपनीचा तरुण प्रतिनिधी नियम वाचून दाखवत होता. वृंदा हिंदीतून बोलली, पण मला ते अजून मराठीतच आठवतं : "ज्या ऑपरेशनचा खर्च तुम्ही दिलात, त्याच ऑपरेशनची ही गोळी. ती डॉक्टरांनी लिहून दिली तोवर मी रुग्ण होते. ती सुटेना तेव्हा मी व्यसनी झाले आणि रुग्ण राहिले नाही? मी नेमकी कुठे बदलले, तेवढी पायरी मला दाखवा." मनाचा आजार आणि शरीराचा आजार विम्याने सारखेच धरावेत, असा कायदा आहे, तोही तिने मांडला. अनोळखी माणसांसमोर ती स्वतःला व्यसनी म्हणत होती, आणि तिचा आवाज हलत नव्हता. परतीच्या गाडीत मात्र ती आमचं स्टेशन येईपर्यंत खिडकीला डोकं टेकून रडली.

निकाल तिच्या बाजूने लागला. ही गोष्ट कशी पसरली देव जाणे, पण शनिवारी दुपारी तिच्याकडे माणसं येऊ लागली. कोणाचा नवरा दारूत, कोणाचा भाऊ इंजेक्शनात. वृंदा त्यांची पॉलिसी वाचायची. भरती होण्याआधी कंपनीला विचारा, म्हणायची. नकार दिला तर लेखी घ्या. आजार खोटा लिहू नका, ते उघडं पडलं तर पुढचं सगळंच जातं. "आणि माझं झालं म्हणून तुमचं होईलच असं नाही," हे ती प्रत्येकाला सांगायची. काहींचं झालं, पुष्कळांचं झालं नाही. आधी त्या वेळी घराबाहेर निघून जाणारे अविनाशराव पुढे पुढे चहा करायला लागले.

गेल्या थंडीत तिला दाढेचा त्रास झाला. कोणीतरी वेदनेची गोळी दिली, आणि तिने घेतली... हे आम्हाला पुष्कळ उशिरा कळलं. मुग्धाने विचारलं, "आई, फिर से?" तेव्हा तिने लपवलं नाही. पण पुन्हा भरती व्हायचं म्हटल्यावर म्हणाली, "कोणत्या तोंडाने जाऊ? त्या वॉर्डात माझं उदाहरण देतात." या वेळी अविनाशरावांनी स्वतः कंपनीला फोन केले, स्वतः खरा आजार सांगितला. मंजुरीही आली. वृंदा तयार झाली. फक्त म्हणाली, वार्षिक परीक्षेचे पेपर तपासून होऊ देत, मग जाते.

त्या मधल्या आठवड्यांत तिने गोळ्या आपल्या आपणच बंद केल्या होत्या. कोणाला न सांगता, कोणाची मदत न घेता. मुग्धाला एवढंच म्हणाली होती, "जरा बरी होऊन जाते गं, अगदी अशी नको." बरं होण्यासाठी जिथे जायचं, तिथे आधी बरं होऊन जायचं होतं तिला. मग एका संध्याकाळी धीर सुटला असावा. तिने पूर्वीइतक्याच गोळ्या घेतल्या, आणि डॉक्टर म्हणाले की शरीराची तेवढ्याची सवय एव्हाना गेलेली होती. तिला मरायचं नव्हतं. टेबलावर तपासलेल्या पेपरांचा गठ्ठा बांधून ठेवलेला होता आणि भरतीसाठीची पिशवी भरलेली होती.

लोकांना अविनाशरावांनी सांगितलं, हृदय बंद पडलं. ते खोटं नव्हतं. हृदय तर प्रत्येकाचंच बंद पडतं.

मागच्या शनिवारी मी त्यांच्याकडे बसले होते. बाहेरच्या खोलीत वृंदाची ताठ पाठीची वेताची खुर्ची आहे. कंबरेमुळे ती तिथेच बसायची, आणि ती गेल्यापासून तिच्यावर कोणी बसलेलं नाही. दुपारी दार वाजलं. टोपी बाजारातून एक बाई आली होती, प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन. तिला काही माहीत नव्हतं. ती आत आली आणि नेमकी त्याच खुर्चीवर बसली. मुग्धा पुढे झाली आणि थबकली.

"मैडम हैं?"

"वो नहीं रहीं," अविनाशराव म्हणाले.

"हाय राम... क्या हो गया था?"

त्यांचं नेहमीचं उत्तर मला पाठ झालं होतं. पण त्यांनी त्या बाईच्या पिशवीतल्या कागदांकडे पाहिलं.

"वही, जो आपके घर में है," ते म्हणाले. "गोलियाँ. छूट गई थीं, फिर लग गईं."

 पिशवी छातीशी धरून बाई उठायला लागली.

"बैठिए," अविनाशराव म्हणाले. "वहीं बैठिए." आणि समोर स्टूल ओढून त्यांनी कागदांसाठी हात पुढे केला.