अ‍ॅश्युअरच्या पुढचा माणूस

आमच्या इंग्रजीच्या सरांना कोणी काही कबूल केलं, की ते एकच शब्द विचारत. "कोणले?" तळोद्याच्या स्टँडवर जीपवाला म्हणायचा, "पाच मिनिटमा गाडी निघी, ग्यारंटी." सर पायरीवर पाय ठेवून विचारत, "कोणले?" तो गांगरून म्हणे, "तुमले, सर." मग सर निमूट आत बसत. गाडी तासाभरानं निघे, तरी ते कुरकुरत नसत. शब्द कोणाला दिला होता, एवढं तरी ठरलेलं असे. गावानं त्यांना 'कोणले सर' करून टाकलं होतं.

याचं मूळ एका क्रियापदात होतं. नववीला ते अ‍ॅश्युअर शिकवत, आणि पुस्तकात एक ओळ असलेल्या त्या शब्दाला पुरे तीन तास देत. "माणुसले अ‍ॅश्युअर, कामले एन्शुअर, मोटरसायकलले इन्शुअर." एन्शुअर म्हणजे काम होईल हे स्वतः बघणं. इन्शुअर म्हणजे विमा. आणि अ‍ॅश्युअर म्हणजे समोरच्याच्या मनातली शंका काढणं. तेव्हा समोर कोणीतरी हवंच. "अ‍ॅश्युअरना पुढे माणूस लागस. माणूस नई, तं ती नुसती हवा."

सर स्वतः नोकरीत कायम नव्हते. त्यांना कधीही घरी पाठवता आलं असतं. संस्थेचे अध्यक्ष दादासाहेब दर जूनमध्ये 'यंदा नक्की' म्हणत. (शाळेत फळे दोन होते, दादासाहेबांच्या तसबिरी तीन.) आम्ही नववीत होतो त्या वर्षी त्यांनी चक्क पत्र दिलं, तेही इंग्रजीत, कारण इंग्रजीच्या माणसाला मराठीत काय लिहायचं. सर ते घेऊन थेट वर्गात आले आणि वाक्य फळ्यावर लिहिलं: वुई अ‍ॅश्युअर दॅट द पोस्ट विल बी मेड पर्मनंट.

"यामा माणूस कोठे शे?"

आम्ही शोधलं. संस्था सापडली, पोस्ट सापडली. "नई सापडत, सर."

"मी बी बारा वरीसपाईन धुंडी ऱ्हायनू."

आम्ही हसलो. तेव्हा तो विनोदच वाटला.

पुढे प्रत्येक वर्गासाठी ते वाक्य फळ्यावर येत राहिलं, चुकीचा नमुना म्हणून. दादासाहेबांचं एवढं एकच लेखन तेव्हाच्या सगळ्या शाळेला तोंडपाठ आहे. मी दहावीत असताना स्नेहसंमेलनात दादासाहेब माइकवर म्हणाले, "मी आश्वासन देतो की..." आणि मागच्या सतरंजीवरून साठ गळे एका सुरात म्हणाले, "कोणले?" दादासाहेबांना तो जयघोष वाटला. त्यांनी हात उंचावला आणि पुन्हा म्हणाले, "मी आश्वासन देतो की..."

अर्थ त्यांना मुख्याध्यापकांनी चहाच्या वेळी सांगितला. जूनमध्ये ती पोस्ट कायम झाली. पत्रात लिहिल्याप्रमाणेच, पत्रात सर नव्हतेच. तिच्यावर दादासाहेबांचा भाचा आला. त्यानं अ‍ॅश्युअर एका ओळीत उरकलं.

सर तळोद्याला एका खोलीत शिकवण्या घेत राहिले. गेल्या उन्हाळ्यात ते गेले. शोकसभेत दादासाहेब म्हणाले, "सरांचं कार्य पुढे नेण्याचं मी आश्वासन देतो." आम्ही जुने विद्यार्थी मागे बसलो होतो. कोणीच काही बोललं नाही. त्या गप्प बसण्याची लाज मला अजून आहे.

आता दादासाहेबांची पंचाहत्तरी आहे आणि गौरवअंक निघतो आहे. संपादक माझा वर्गमित्र. त्यानं फोन करून शाळेच्या आठवणी मागितल्या.

"जे लिहीन ते छापशील?"

"दादासाहेबनी शब्द देयेल शे, तुन्हा लेखनी एक ओळ कापाव नई."

"कोणले दिधा शब्द?"

त्याच्या ध्यानात आलं असावं.

"तुले," तो म्हणाला. "तुन्हं नाव लिसन दिधा शे."

दादासाहेबांच्या अ‍ॅश्युअरपुढे अखेर माणूस आला. म्हणून हा लेख दिला. नववीतल्या वहीचं ते पानही सोबत जोडलं आहे. 'अ‍ॅश्युअर' आणि 'दॅट' यांच्यामध्ये लाल शाईत सरांचा तोच एक शब्द आहे. तो कापू नये.