पाचशेवा सभासद

बबन शिरसाट यांना माणसं मोजायची सवय होती. अंबरनाथच्या एका कारखान्याच्या गेटवर त्यांनी अठ्ठावीस वर्षं टाइमकीपर म्हणून काढली. किती आत आले, किती बाहेर पडले, कोण तीन मिनिटं उशिरा आला आणि त्यासाठी काय थाप मारली, हे सगळं त्यांना तोंडपाठ असायचं. स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा साहेबांनी शाल दिली, नारळ दिला. मोजायला मात्र काही दिलं नाही. पहिले सहा महिने बबनरावांनी बुवापाड्यातल्या घरात बसून बायकोच्या चपात्या मोजल्या. सातव्या महिन्यात भिमाबाई म्हणाल्या, "अहो, बाहेर काहीतरी उद्योग बघा, नाहीतर मी चालले माहेरी." माहेरी आता कुणीच उरलं नव्हतं, तरी बबनराव घाबरले.

उद्योग सापडला तो विहारात. रविवारची वंदना आटोपली की चार जण त्यांना गाठायचे: "शिरसाटकाका, तुमची एवढी ओळख, आमच्या पोरीसाठी एखादं स्थळ बघा ना." बघता बघता त्यांच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत साठ-सत्तर बायोडेटा जमले. धाकटी लेक अस्मिता आनंदनगरच्या एमआयडीसीत एका ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरवर असायची. तिनेच सुचवलं, "अप्पा, पिशवी घेऊन किती हिंडणार? दर पंधरा दिवसांनी ईमेलने पत्रक पाठवू या. ज्याला हवंय त्याने नाव नोंदवावं." अशा रीतीने २००६ च्या जानेवारीत 'मंगलमैत्री ई-पत्रक' सुरू झालं.

पत्रकाचे नियम तीन. पोटजात छापली जाणार नाही. हुंड्याचं नाव काढणाऱ्याचा बायोडेटा परत केला जाईल. आणि लग्न झालं की सभासदत्व बंद. पहिल्या दोन नियमांसाठी बबनराव विहाराच्या पायरीवर अध्यक्षांशीही भांडले होते. तिसऱ्यासाठी भांडायची वेळ आली नव्हती, कारण त्यात वावगं काही आहे असं कुणाला वाटलंच नव्हतं.

कामाची पद्धतही ठरलेली. बबनराव पाठकोऱ्या कागदांवर अंक लिहायचे. वर नंबरवार स्थळं आणि अगदी खाली, जागा उरली म्हणून, पाड्यातल्या चार बातम्या. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी अस्मिता ते कागद घेऊन घनश्यामच्या सायबर कॅफेत जायची. मराठी अक्षरं पलीकडे पोचेपर्यंत त्यांचे चौकोन व्हायचे, म्हणून ती मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत टाइप करायची. बबनरावांनी स्वतः ईमेल काढला नव्हता. "पोस्टमन कधी स्वतःला पत्र टाकतो का?" असं ते विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता हसायचे.

पण या उद्योगात एक गोम होती, आणि ती त्यांना दुसऱ्याच महिन्यात कळली. पत्रक चांगलं चाललं की सभासद कमी होत. एक लग्न जमलं की दोन माणसं वजा! बबनराव लग्नात जेवून यायचे, वहीत त्या दोन नावांवर लाल शाईची रेघ मारायचे आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवरचा सभासदांचा आकडा खोडून लहान करायचे. कारखान्यात काम सोडून गेलेल्या माणसाचं नाव ते असंच कापत. आपल्या यशाचा एवढा राग आलेला माणूस बुवापाड्याने त्याआधी पाहिला नव्हता.

पुण्याच्या महेंद्रने तर कहरच केला. पाड्यातली निम्मी घरं त्याची नातेवाईक, आणि ईमेल असलेला तेवढाच एक. अकरा घरांनी बबनरावांच्या वहीत त्याचाच पत्ता लिहून दिला. महेंद्रला दर पंधरवड्याला अकरा पत्रकं जाऊ लागली. तिसऱ्या खेपेला त्याने चिडून फोन केला. बबनरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुझं लग्न झालंय का रे?" पुढच्या अंकात महेंद्र चौथ्या नंबरवर होता. त्याचं दोन महिन्यांत जमलं, आणि त्या एका लग्नात मंगलमैत्रीचे बारा सभासद गेले. त्यानंतर अस्मिताने शहाणपणाने इंटरनेटवर एक ग्रुप केला, म्हणजे एक पत्ता एकदाच लागेल.

घरातलं पहिलं लग्नही पत्रकानेच जमवलं. थोरली माया पहिल्या अंकात पहिल्या नंबरवर होती. सहाव्या अंकानंतर नाशिकचं स्थळ आलं, माणसं सरळ निघाली, आणि एप्रिलच्या शेवटी लग्न झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी बबनरावांनी वही काढली आणि मायाच्या नावावर रेघ मारली. कायदा सगळ्यांना एक. या माणसाने गेटवर सख्ख्या मेहुण्यालाही लेटमार्क दिला होता.

जूनमध्ये मायाचा फोन आला. "अप्पा, मला पत्रक येईना झालं."

"तुझं लग्न झालं ना बाई. आता तुला कशाला स्थळं?"

"स्थळांसाठी नाही हो. खाली तुम्ही लिहिता ना, पाण्याची वेळ बदलली, विहाराला रंग लागला, ठमाबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं... ते वाचायला."

बबनराव पोटभर हसले. लग्न झालेली मुलगी स्थळांचं पत्रक मागते, हा विनोद त्यांनी सगळ्या चाळीला सांगितला. माया पुन्हा एकदा फोनवर तेच म्हणाली, तेव्हा त्यांनी तिला तिसरा नियम वाचून दाखवला.

इकडे नवव्या अंकापासून पहिल्या नंबरवर अस्मिता आली. तो मजकूर बबनराव दरवेळी ताजा, वळणदार अक्षरात लिहायचे. 'कु. अस्मिता बबन शिरसाट, वय सव्वीस, बी.कॉम., खाजगी नोकरी. स्वभाव सरळ, काही लपवून ठेवत नाही.' अस्मिता कागद घडी करून पर्समध्ये टाकायची आणि मान डोलवायची.

आणि तिच्यासाठी फोन येत नव्हता. दुसऱ्या नंबरला यायचा, सातव्याला यायचा, अठराव्या नंबरच्या, आधी एक लग्न मोडलेल्या बदलापूरच्या मास्तरांनासुद्धा तीन फोन आले. पहिल्या नंबरला एकही नाही. फोन वाजला की बबनराव हातातला घास ठेवून धावायचे आणि दुसऱ्या कुणाच्या मुलीची माहिती देऊन परत यायचे. त्यांना फार वाईट वाटायचं. बाहेर साऱ्या तालुक्याची लग्नं जमवतो आणि घरातली मुलगी तशीच, हे लोक तोंडावर म्हणत नसले तरी त्यांना ऐकू येत होतं. शेवटी त्यांनी निदान केलं: यादी लहान आहे. सभासद पाचशे झाले की त्यांत अस्मितासाठी एक मुलगा निघेलच.

मग सुरू झाला प्रचार. बबनराव पाळी सुटायच्या वेळी आनंदनगरच्या गेटांवर उभे राहायचे आणि येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचे, "जय भीम. ईमेल आहे का?" लग्नांत ते आहेराच्या टेबलाशेजारी वही उघडून बसायचे. वही आणि चष्मा बघून लोक त्यांच्याच हातात पाकिटं द्यायचे, आणि पाकीट परत करता करता ते पत्ता काढून घ्यायचे. उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात राहणारा सिंधी घनश्याम, ज्याचा अंबरनाथला कॅफे होता, तो धंद्यातला माणूस. त्याने सल्ला दिला, "काका, पब्लिकला काहीतरी फ्री पाहिजे. जो मेंबर बनेगा, त्याला माझ्याकडे पंधरा मिनिटं फुकट. तुमचा मेंबर वाढेल, माझा गिऱ्हाईक." त्या आठवड्यात चाळीस सभासद वाढले. त्यातल्या तीस जणांना लग्न नको होतं, पंधरा मिनिटं हवी होती. बबनरावांनी तेही मोजले. एक दिवस ना एक दिवस यांनाही लग्न करायचंच आहे, असं त्यांनी भिमाबाईंना समजावलं.

"आणि एवढं करून अस्मितासाठी फोन का येत नाही?" भिमाबाईंनी विचारलं.

"चारशे साठ झालेत. पाचशे होऊ दे, मग बघ."

भिमाबाई काहीतरी बोलणार होत्या, पण त्यांनी भाजीत मीठ टाकलं.

२००७ च्या जुलैअखेर आकडा चारशे नव्याण्णववर आला आणि तिथेच अडला. तीन आठवडे. एखादा वाढला की कुणाचं तरी लग्न व्हायचं. बबनरावांना झोप लागेना. शेवटी ऑगस्टमधल्या एका गुरुवारी आंघोळ करताना त्यांना सुचलं की अंबरनाथ तालुक्यात असा एक ओळखीचा माणूस आहे, ज्याच्याकडे ईमेल नाही आणि ज्याचा लग्नामुळे वजा होण्याचा प्रश्नच येत नाही. तो माणूस म्हणजे ते स्वतः. लग्न झालेला माणूस नियमात बसत नव्हता, पण संपादकाला थोडी सूट असतेच. ते कुणालाही न सांगता घनश्यामकडे गेले. घनश्यामने त्यांचा ईमेल काढला, ग्रुपमध्ये नाव घातलं, आणि बबनराव पेढ्याचा बॉक्स उघडून पडद्याकडे बघत उभे राहिले.

"पाचशे ना?"

"पाचसौ एक, काका."

"पाचशे. वहीत चारशे नव्याण्णव आहेत."

"मशीन झूठ थोडीच बोलेल. पाचसौ एक."

एक माणूस जास्त! अठ्ठावीस वर्षांत गेटवर असं कधी झालं नव्हतं. पेढे तसेच राहिले. बबनरावांनी खुर्ची ओढली. "शनिवारचा अंक दाखव." त्यांनी स्वतःचं पत्रक आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. पहिल्या नंबरवर बदलापूरची एक नर्स होती. त्यांच्या कागदावर ती तर दुसरी होती. त्यांनी खालपर्यंत वाचलं, पुन्हा वर आले. अस्मिता कुठेच नव्हती.

"याच्या आधीचा दाखव."

घनश्यामने मागचे सगळे अंक उघडून दाखवले. पहिल्या दिवसापासून तो ग्रुपमध्ये होता. "मैं तो हर नंबर वाचतो, साईं. नीचे का समाचार मस्त असतो." नवव्या अंकापासून एकोणचाळिसाव्यापर्यंत एकतीस अंक. एकाही अंकात अस्मिताचं नाव नव्हतं. म्हणजे एक जास्त आणि एक कमी. टाइमकीपरच्या हिशेबाचा पार चुराडा झाला होता.

घरी जाताना त्यांनी मनात चक्क कारणे दाखवा नोटीस तयार केली. अस्मिता ऑफिसातून येऊन नुकती चहा घेत होती. त्यांनी चप्पलही काढली नाही.

"पहिला नंबर कुठाय?"

अस्मिताने कप खाली ठेवला. "काढते मी. टाइप करताना."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"कुणी आहे का तुझ्या मनात? असेल तर सांग, मी काय तुला खाणार आहे?"

"कुणी नाही, अप्पा."

"मग मी गेटागेटावर भीक मागितल्यासारखे पत्ते मागतोय ते कुणासाठी? तुला लग्नच नको?"

"लग्न नको असं नाही." तिने उठून कोनाड्यातली वही काढली आणि मायाचं पान उघडलं. लाल रेघ जाड होती, पट्टी लावून मारलेली. "हे नको. ही रेघ पाहिली तेव्हाच ठरवलं. लग्न झालं की तुमच्या वहीत माणूस वजा होतो. पुढे मायाताईने दोनदा पत्रक मागितलं, रडत होती ती दुसऱ्यांदा. तुम्ही नियम वाचून दाखवलात, आणि तिचा विनोद करून चाळीत सांगितलात. मला वजा व्हायचं नव्हतं."

बबनरावांनी त्या रेघेवरून बोट फिरवलं. मग त्यांनी हळूच विचारलं, "तो जास्तीचा एक जण..."

"मायाताई. तिच्या दुसऱ्या फोननंतर मी तिला परत घातलं. तेव्हापासून दर अंक जातो तिला."

ते खाली बसले. नोटिशीतला एकही शब्द आता आठवेना. माया रडत होती आणि त्यांना ते ऐकू आलं नव्हतं, हे त्यांच्या जिव्हारी लागलं. स्वयंपाकघराकडे तोंड करून त्यांनी विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"सगळं," भिमाबाई म्हणाल्या.

"मग बोलली का नाहीस?"

"मला कुठे सभासद केलंय तुम्ही?"

त्या रविवारी बबनराव वंदनेहून आले ते नवी वही घेऊनच. लाल शाई काही पुसता येत नाही, म्हणून त्यांनी कापलेली सगळी नावं निळ्या शाईने पुन्हा लिहून काढली. पहिलं नाव मायाचं, दुसरं भिमाबाईंचं, ज्यांच्याकडे ईमेल नव्हता. मग महेंद्र, त्याची बायको, आणि एकेक जोडी करत सगळी. तिसऱ्या नियमाच्या जागी त्यांनी लिहिलं: लग्न झालं तरी पत्रक येत राहील. अस्मिताचा मजकूर मात्र त्यांनी लिहिला नाही. पहिल्या नंबरची जागा कोरी ठेवून कागद तिच्या हातात दिले आणि म्हणाले, "इथे तुला वाटलं तर लिही. नाही वाटलं तर दुसऱ्या नंबरला वर घे."

चौथ्या शनिवारी अंक गेला. सोमवारी सकाळी कॅफे उघडायच्या आधीच बबनराव पायरीवर बसले होते. घनश्यामने शटर वर केलं, मशीन सुरू केलं, अंक उघडून दिला. पहिल्या नंबरवर होतं:

'अस्मिता बबन शिरसाट, वय सत्तावीस. स्वभाव सरळ, पण एकतीस वेळा लपवाछपवी केली आहे. अपेक्षा: मुलाने पोटजात विचारू नये. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी मला अंबरनाथला वडिलांचं पत्रक टाइप करायला यावं लागेल, ते त्याला चालावं. घाई नाही.'

बबनरावांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा वाचलं. खाली मायाचं उत्तर आलेलं होतं, इंग्रजी अक्षरांत, एकाच ओळीचं: अप्पा, ठमाबाईंचा दुसरा डोळा कधी करणार?

"काका," घनश्यामने काउंटरवरून विचारलं, "आता कितने हुए मेंबर?"

"मोजले नाहीत अजून," बबनराव म्हणाले, आणि उत्तर कसं लिहायचं ते दाखवायला त्यांनी त्याला जवळ बोलावलं.