रंगूनवालीचा तोरा

झोपडीच्या भिंतीला दोन बोटं लावायची, ती नाकाशी न्यायची आणि म्हणायचं, "शी! ह्याला घर म्हणायचं?" त्या बाईंचं हे रोजचं. असा तोरा छावणीत दुसऱ्या कुणाचा नव्हता.

एकोणीसशे तीसच्या सुमाराची गोष्ट. रत्नागिरीत प्लेगचे उंदीर पडू लागले, तशी माणसं घरांना कुलपं लावून गावाबाहेर सड्यावर राहायला आली. उघडा कातळ, त्यावर नारळीच्या झापांच्या झोपड्या, आणि त्या सगळ्यांवर मी, छावणीचा कारकून. कोण कुठल्या झोपडीत, कुणाला ताप, ही वही माझ्या हातात. त्यामुळे सड्यावर माझ्याहून मोठा माणूस नाही, अशी माझी समजूत होती. असले कारकून तुम्हीही पाहिले असतील.

बाई आदल्या वर्षी रंगूनहून आल्या होत्या. नवरा तिथं लाकडाच्या गिरणीत मुकादम. हिंदी लोकांविरुद्ध दंगल झाली, तीत तो गेला, एवढंच सगळ्यांना ठाऊक. पत्र्याची ट्रंक घेऊन त्या एकट्या परतल्या आणि दिराकडे राहिल्या. छावणीतही झोपडी दिराचीच. पण बाई आत जात नसत. दिवसभर उन्हात ट्रंकेवर बसायच्या, रात्री तिथंच कातळावर घोंगडी पसरायच्या.

जाऊ माझ्याकडे गाऱ्हाणं घेऊन आली. "सांगायचं तरी काय वो भाऊ, माझ्या हातची पेज चालते हिला. आत पाऊल टाक म्हटलं की नाक मुरडते. आम्ही काय जनावरं?"

दिराला विचारलं. "मोठ्या शहरात राहिलेली, दुसरं काही नाही," म्हणाला आणि नजर चुकवून निघून गेला.

छावणीत करमणूक ती कसली? लोकांनी बाईंनाच धरलं. "काय महाराणी, बंगला झाला का बांधून?" हसणाऱ्यांत मी पुढे. एकदा चारचौघांत मी म्हणालो, "बाई, हे रंगून नव्हे."

त्यांनी माझ्या टोपीपासून फाटक्या वहाणांपर्यंत नजर फिरवली. "ते दिसतंच आहे."

लोक हसले. या वेळी मला.

ते माझ्या मनातून जाईना. डॉक्टर तपासणीला यायचे, त्या सकाळी प्रत्येकानं आपल्या झोपडीत असावं असा नियम होता. एरवी मी त्याकडे काणाडोळा करी. त्या दिवशी नाही केला. दोन बायकांनी बाईंना दंड धरून आत ढकललं. दाराचा झाप मी स्वतः ओढला आणि बाहेरून सुंभानं बांधला. "बसा आता राजवाड्यात," असंही वर म्हणालो.

थोडा वेळ गेला. मग बाहेर जाऊ पेटवत होती त्या चुलीचा धूर झापांतून आत शिरला असावा. मागची भिंत करकरली. नुसत्या हातांनी झाप फाडून बाई बाहेर आल्या. बोटांतून रक्त गळत होतं.

"पेटलं! बाहेर या! बाहेर या रे सगळे!"

झोपडीझोपडीत शिरून त्या माणसांना ओढून काढू लागल्या. एक म्हातारा तापानं फणफणलेला होता. त्याचा मुलगाही त्याच्याजवळ जात नव्हता. त्याला त्यांनी पाठीवर घेऊन मोकळ्या कातळावर आणून ठेवलं. बाकीचे त्यांच्यापासून लांब पळत होते. बाईंना प्लेग लागला, तापात बरळतात, असंच सगळ्यांना वाटलं.

डॉक्टरांनी थर्मामीटर लावला. "ताप नाही. बायकांचं मनच नाजूक," म्हणाले आणि झोपेचं औषध देऊन पुढच्या झोपडीकडे वळले.

तेव्हा कुठे दीर बोलला. रंगूनची त्यांची चाळ बांबूची नि गवताची होती. दंगलखोरांनी बाहेरून दारं लावली, भिंतींवर रॉकेल ओतलं आणि पेटवून दिली. नवरा आणि चार वर्षांची मुलगी आत होती. बाई नळावर गेल्या होत्या.

बोटं नाकाशी कशाला जात, ते मला तेव्हा कळलं.

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"लोक वेडी म्हणाले असते हो. घराचं नाव जातं."

म्हणजे वहिनीला गर्विष्ठ म्हटलेलं त्याला चालत होतं, भेदरलेली म्हटलेलं चालत नव्हतं. मला त्या माणसाची किळस आली. थोड्या वेळानं आठवलं, दार बाहेरून बांधणारा तो नव्हता.

मी चार बांबू रोवले, वर जुनं धोतर ताणलं. भिंत एकही नाही. बाई त्याखाली बसू लागल्या. लोकांचं हसणं थांबलं; आता ते वळसा घालून जात. जावेनं मात्र कुणी न सांगता आपली चूल उचलली आणि वारा बाईंकडे धूर नेणार नाही अशा जागी मांडली. आम्हा सगळ्यांत शहाणी तीच निघाली.

प्लेग ओसरला. झोपड्या जाळून टाकाव्यात असा हुकूम आला. त्याआधीच बाईंना माहेरी, नाटे गावी धाडावं, असं मी दिराला बजावलं. मांडवीच्या किनाऱ्यावर ट्रंक मीच मचव्यात ठेवली आणि धीर करून म्हणालो, "बाई, माझं चुकलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तोरा असता तर बरं वाटलं असतं.

"तुमचं काय चुकायचं? तुम्ही नुसतं दार लावलंत."

मचवा सुटला. तांडेल "बसा, बसा" म्हणून ओरडत होता, तरी त्या डोलकाठीला धरून उभ्याच होत्या.

नाट्याकडचं माणूस अधूनमधून भेटतं. बाईंचं पुढं काय झालं, हे विचारायचं मी दर वेळी ठरवतो, आणि आंब्यांची चौकशी करून परत येतो.